दम राखून : ट्रायथलॉनमधील वेगाचे गणित



स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादकांकडून आला, तेव्हा नेहमीप्रमाणे लसीकरण अथवा बालकांचा आहार यांपैकी एखादा विषय घ्यावा, असे मनात होते. परंतु गेल्या काही वर्षांत पहाटे असीरगडच्या रस्त्यावर सायकल चालविताना मला पाहिलेल्या अनेक मित्रांनी एकच प्रश्न विचारला आहे. "डॉक्टरसाहेब, या वयात हा उद्योग कशासाठी? आणि करायचाच असेल, तर कसा करावा?" प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर ज्याचे त्याने शोधावे. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र मी स्वतः फजिती पत्करून मिळविले आहे. ते उपयोगी पडेल, या भावनेने हा लेखनप्रपंच.

खेळाची ओळख

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन प्रकार याच क्रमाने, मध्ये विश्रांती न घेता पूर्ण करावयाचे, याला ट्रायथलॉन म्हणतात. दोन प्रकारांमध्ये कपडे, बूट, हेल्मेट बदलण्यास जो वेळ लागतो, तोही एकूण वेळेत धरला जातो. ऑलिम्पिकमध्ये या खेळाचा प्रवेश सन २००० मध्ये सिडनी येथे झाला. तेथील अंतर दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असे असते. ज्याला पूर्ण आयर्नमॅन म्हणतात, त्यात हेच आकडे अनुक्रमे ३.८, १८० आणि ४२.२ होतात. त्याच्या निम्म्या अंतराची, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची शर्यत मैलांच्या बेरजेवरून '७०.३' या नावाने ओळखली जाते. तशी शर्यत आपल्या देशात ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रथम गोव्यात झाली. मिरामारच्या किनाऱ्यावर समुद्रात पोहायचे, मग पणजी परिसरात सायकल आणि शेवटी धाव. कोरोनामुळे २०२० व २०२१ मध्ये खंड पडला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा भरली.

आपल्या व्यवसायातील आणि आपल्या मुलखाजवळील काही मंडळींनी अशा दीर्घ पल्ल्याच्या प्रकारांत मोठी मजल मारली आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पुरी केली. अभिनेते मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जुलै २०१५ मध्ये, झुरिकची पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पार पाडली. हे आकडे पाहताना आपले लक्ष त्यांच्या ताकदीकडे जाते. परंतु पंधरा तास अखंड चालू राहणाऱ्या माणसाचे खरे भांडवल ताकदीपेक्षाही संयमात असते, हे मला फार उशिरा उमगले.

माझी फजिती

तापीच्या पाण्यात लहानपण गेलेले असल्याने पोहण्याचा मला भलताच आत्मविश्वास होता. दीड वर्षाच्या सरावानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये मी मिरामारच्या वाळूत उभा राहिलो. बेत असा होता : पोहणे ५० मिनिटे, सायकल साडेतीन तास, आणि मग उरलेल्या वेळेत सावकाश धाव. एकूण मुदत साडेआठ तासांची.

प्रत्यक्षात काय झाले? शर्यत सुरू झाली, आजूबाजूचे तरुण पाण्यात झेपावले, आणि मीही त्यांच्यामागे झेपावलो. पोहून बाहेर आलो, तर घड्याळात ४४ मिनिटे! सहा मिनिटे 'वाचली' म्हणून मला कोण आनंद झाला. सायकलवर बसलो, तर पायांत वारे शिरलेले. साडेतीन तासांचे अंतर मी ३ तास १२ मिनिटांत कापले. एकूण २४ मिनिटांची कमाई झाली, असे मनात मांडत मी धावू लागलो. पहिले सहा किलोमीटर झकास गेले. नवव्या किलोमीटरला पाय जड झाले. उन्हाने जीव कासावीस होऊ लागला, तशी मी प्रत्येक पाणवठ्यावर दोन-दोन पेले साधे पाणी ढोसू लागलो. बाराव्या किलोमीटरला मळमळ सुरू झाली, पोटऱ्यांत गोळे आले, बोटातली अंगठी रुतू लागली. तेराव्या किलोमीटरला मी रस्त्याच्या कडेला बसलो तो उठलोच नाही.

तेथे स्वयंसेवक म्हणून आलेली एक कॉलेजकन्यका धावत आली. तिने माझ्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला, क्षारांचे पेय दिले आणि म्हणाली, "काका, एकदम नका पिऊ. घोट-घोट घ्या, नाहीतर परत उलटी होईल."

वाचकहो, हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षे रोज माझ्या दवाखान्यात बोलत आलो आहे. जुलाब झालेल्या बाळाची आई तहानलेल्या बाळाला पेला भरून ओआरएस पाजते, बाळ सगळे बाहेर काढते, आणि मी तिला समजावतो, "ताई, चमच्या-चमच्याने, दोन-दोन मिनिटांनी. घाई केली की पोटात काही टिकत नाही." तेच शहाणपण एका विद्यार्थिनीकडून ऐकण्याची पाळी माझ्यावर आली. संध्याकाळी रक्त तपासले, तेव्हा सोडियम १३१ निघाले. सौ. शेजारी बसून होती, ती एवढेच म्हणाली, "पेशंटला सांगता, ते स्वतःला कधी सांगणार?"

परतीच्या प्रवासात आणि नंतरच्या काही महिन्यांत मी या पराभवाची चिकित्सा केली. त्यातून जे हाती लागले, ते पुढे मांडतो.

पाण्याची व वाऱ्याची सावकारी

पोहताना आणि सायकलवर आपण मुख्यतः पाण्याच्या व हवेच्या विरोधाशी झुंजत असतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो मोडून पुढे जाण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हे ऐकण्यास रुक्ष वाटते, पण माझ्याच आकड्यांवर लावून पाहा. ५० ऐवजी ४४ मिनिटांत पोहण्यासाठी वेग सुमारे १४ टक्के वाढवावा लागला. त्याची किंमत म्हणून शक्ती मात्र जवळजवळ दीडपट खर्च झाली. सायकलवर माझा वेग ताशी पावणेसव्वीसवरून अठ्ठावीस किलोमीटरवर गेला, म्हणजे जेमतेम ९ टक्के वाढ. परंतु हवेला तोंड देण्याचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. सहा आणि अठरा अशी चोवीस मिनिटे मी अत्यंत चढ्या व्याजाने उसनी घेतली होती. वसुली धावताना झाली.

धावण्याचे गणित वेगळे आहे. सपाटीवर एक किलोमीटर धावण्यास दर किलो वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी लागते, आणि वेग थोडा कमी-अधिक केला तरी हा हिशेब फारसा बदलत नाही. म्हणूनच पाण्यात आणि सायकलवर घाई करणे हा सर्वांत महागडा सौदा ठरतो. तेथे दहा मिनिटे उशीर झाला, तर दहाच मिनिटे जातात. तेथे अवाजवी जोर लावला, तर शेवटी धावण्याऐवजी चालावे लागते, आणि २१ किलोमीटरमध्ये तास-दीड तास सहज हातचा जातो.

सायकलच्या टप्प्यावर चढ आणि समोरचा वारा हे दोन मोहाचे प्रसंग असतात. असीरगडच्या चढावर मी सुरुवातीला सपाटीचाच वेग टिकविण्याचा हट्ट धरीत असे आणि घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत धापा टाकीत असे. योग्य रीत उलट आहे. स्थिर ठेवायचा तो वेग नव्हे, श्रम. चढावर वेग पडू द्यावा, गिअर हलका करावा, श्वासाची लय मात्र तीच राहावी.

कोठाराचा हिशेब

दुसरा प्रश्न इंधनाचा. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजन असते, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरी. ७०.३ शर्यतीला माझ्यासारख्याचा खर्च साडेतीन ते चार हजारांच्या घरात जातो. बाकीचे चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्या अन्नातून यावे लागते. चरबीचा साठा सडपातळ माणसातही मुबलक असतो. अडचण आहे ती तो मोकळा होण्याच्या गतीची.

बुऱ्हाणपूरकरांना हे समजावण्यास कुंडी भंडाऱ्यासारखे दुसरे उदाहरण नाही. अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, बांधलेल्या त्या योजनेत सातपुड्यात मुरलेले पाणी झिरपत कुंड्यांमध्ये उतरते आणि भुयारातून केवळ उताराच्या बळावर शहराकडे वाहते. डोंगरात पाणी अमाप असले, तरी ते झिरपेल तेवढेच मिळते. घाई करून ते अधिक येत नाही. आपली चरबी म्हणजे हा डोंगर, आणि ग्लायकोजन म्हणजे घराच्या गच्चीवरची टाकी. संथ श्रमात झिरप पुरते आणि टाकी हळूहळू उतरते. श्रमाची पातळी वाढविली की शरीर झिरपेवर विसंबून राहू शकत नाही, टाकीचा नळ पूर्ण उघडते. लॅक्टेट साचू लागण्याच्या मर्यादेवर आपण दोन-तीन तास काढले, तर धावण्याच्या वेळी टाकी कोरडी पडते. मग मन कितीही म्हणाले, तरी पाय उचलत नाहीत.

बाहेरून भर घालण्यालाही मर्यादा आहे. आतडे ताशी सुमारे ६० ग्रॅम ग्लुकोज शोषू शकते. जोडीला फ्रुक्टोज असेल, तर सवयीने ९० ग्रॅमपर्यंत जाता येते, कारण त्याचा शोषणमार्ग वेगळा आहे. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदके असतात. केळ्यांच्या या आपल्या जिल्ह्यात सायकलपटूला इंधनासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मात्र ध्यानात ठेवावे की, श्रम अति झाले की रक्तप्रवाह आतड्याकडून स्नायू व त्वचेकडे वळतो आणि पोट अन्न स्वीकारीत नाही. वेग सांभाळला तरच खाल्लेले अंगी लागते. म्हणून खाण्याचा बहुतेक कार्यक्रम सायकलवरच, आणि तोही थोडा-थोडा उरकावा.

ऊन, हृदय आणि मीठ

मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास तापणाऱ्या गावातला मी, मला गोव्याच्या उन्हाचे काय, असा माझा समज होता. परंतु दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. रक्त त्वचेकडे धावते, घामाने प्लाझ्मा घटतो, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि ती तूट भरून काढण्यासाठी ठोके वाढतात. श्रम तेच असूनही दोन तासांनंतर नाडी मिनिटाला दहा-पंधराने चढलेली दिसते. तेव्हा वेग थोडा सोडून देणे, हाच उपाय असतो.

उष्णता कोणाचीही भीड ठेवीत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोतील कोझुमेल येथे ब्रिटनचा जॉनी ब्राउनली शेवटच्या किलोमीटरमध्ये आघाडीवर असताना उन्हाने झोकांड्या खाऊ लागला. मागून आलेल्या थोरल्या भावाने, अॅलिस्टरने, त्याला खांद्याचा आधार देऊन अंतिम रेषेपर्यंत नेले. विजय तोवर दक्षिण आफ्रिकेच्या हेन्री शूमनकडे गेला होता. त्याआधी, १९९५ मध्ये, हवाईच्या आयर्नमॅनमध्ये पॉला न्यूबी-फ्रेझर ही सात वेळा जिंकलेली खेळाडू आघाडीवर होती. मागची स्पर्धक जवळ येते आहे, या धास्तीने तिने पाणवठे टाळले. अंतिम रेषा डोळ्यांसमोर असताना ती कोसळली आणि शेवटी चौथी आली. पुढच्याच वर्षी तिने तीच शर्यत आठव्यांदा जिंकली, हेही सांगितले पाहिजे.

पाण्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. बोस्टन मॅरेथॉन २००२ च्या ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीचा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १३ टक्के धावपटूंचे सोडियम १३५ किंवा त्याहून कमी आढळले. ज्यांचे वजन शर्यतीत वाढले, म्हणजे ज्यांनी घामाहून अधिक पाणी प्यायले, त्यांना धोका सर्वाधिक होता. हळू जाणाऱ्या हौशी माणसाला पिण्यास वेळही भरपूर मिळतो! तहानेप्रमाणे प्यावे, क्षार घ्यावेत, आणि सरावाच्या वेळी धावण्याआधी व नंतर वजन करून आपला घाम ताशी किती, हे जाणून घ्यावे. अंगठी रुतू लागणे, डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसत असताना आणखी साधे पाणी पिणे घातक आहे. मी नेमके तेच केले होते.

बालपण आणि वेगाचे भान

शाळांच्या क्रीडादिनी वैद्यकीय मदतनीस म्हणून मी अनेकदा मैदानावर असतो. पहिली-दुसरीच्या मुलांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला सांगा. शिट्टी वाजताच सारी पाखरे भरारी घेतात आणि अर्ध्या फेरीत पोटात कळ येऊन चालू लागतात. आठवी-नववीची मुले मात्र सुरुवातीनंतर आवरते घेतात आणि शेवटच्या वळणावर पुन्हा जोर करतात. हे केवळ फुप्फुसांच्या वाढीमुळे होत नाही. शाळकरी मुलांवरील एक इंग्लिश अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेग वाटून घेण्याची ही कला वयाबरोबर आणि आकलनशक्तीच्या विकासाबरोबर येते, असे दिसून आले. अजून न दिसणारे अंतर मनात मोजणे आणि त्यासाठी आताचा मोह आवरणे, हे प्रौढ बुद्धीचे लक्षण आहे.

मग त्रेपन्न वर्षांच्या प्रौढ डॉक्टरची बुद्धी मिरामारच्या वाळूत कोठे गेली होती? उत्तर शरीरशास्त्रातच आहे. शर्यतीपूर्वी विश्रांती घेतल्याने स्नायू ताजे असतात, टाकी भरलेली असते, गर्दीने अॅड्रेनलिन उसळलेले असते. अशा वेळी अति श्रमही सोपे वाटतात. सायकलवरून उतरल्यावर असाच दुसरा भ्रम होतो. तीन तास वेगाची सवय झालेल्या नजरेला धावणे मंद भासते, आणि आपण नकळत जोरात सुटतो. शर्यतीत शरीराचे ऐकावे, असे सर्व जण सांगतात. ते शेवटच्या टप्प्यात खरे आहे. पहिल्या टप्प्यात मात्र शरीर आपल्याशी खोटे बोलते. म्हणून वेग आदल्या रात्री, थंड डोक्याने, कागदावर ठरवावा आणि सकाळी उत्साहाच्या भरात त्यात बदल करू नये. साऱ्या लेखाचे सार एवढेच आहे.

प्रत्यक्ष आचरण

दुसऱ्या प्रयत्नात मी पाळलेले नियम नवशिक्या प्रौढांसाठी देतो.

पोहणे : गर्दीच्या कडेला, मागे उभे राहावे. पहिली दोनशे मीटर मुद्दाम संथ पोहावीत. पाण्याबाहेर येताच शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले, तर वेग योग्य होता असे समजावे.

सायकल : आपण जास्तीत जास्त एक तास टिकवू शकू, त्या श्रमाच्या सत्तर ते पंचाहत्तर टक्क्यांवर राहावे. शक्तिमापक नसेल, तर नाडीची एक वरची मर्यादा ठरवून ती ओलांडू नये. तेही नसेल, तर संभाषणाची कसोटी पुरेशी आहे. पहिल्या अर्ध्या तासात 'हे फारच सोपे चालले आहे' असे वाटलेच पाहिजे. शेवटची दहा मिनिटे पायांना आराम द्यावा.

धाव : पहिले तीन किलोमीटर ठरविलेल्या गतीपेक्षा किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद हळू. प्रत्येक पाणवठ्यावर चालत जावे, थोडे प्यावे, डोक्यावर पाणी घ्यावे, पुन्हा धावावे. उरलेला दम शेवटच्या पाच किलोमीटरसाठी.

सराव : सायकलवरून उतरून लगेच वीस मिनिटे धावण्याचा सराव आठवड्यातून एकदा करावा. पायांची ती विचित्र अवस्था ओळखीची झाली पाहिजे.

हृदयाची काळजी

डॉक्टर म्हणून हे लिहिल्यावाचून लेख पुरा करणे बरे नव्हे. अमेरिकेतील ट्रायथलॉन शर्यतींत १९८५ ते २०१६ या काळात घडलेल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण १३५ घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यातील होत्या. सरासरी प्रमाण लाख सहभागींमागे १.७४ म्हणजे अल्प होते. परंतु साठी ओलांडलेल्या पुरुषांत ते लाखामागे १८.६ वर गेले होते. ज्यांचे शवविच्छेदन झाले, त्यांतील बऱ्याच जणांत आधीपासून हृदयविकार आढळला.

म्हणून चाळिशीनंतर या वाटेला जाणाऱ्याने रक्तदाब, साखर, लिपिड, ईसीजी, इको आणि ट्रेडमिल चाचणी करून घ्यावी, आणि घरात लहान वयात हृदयविकार झालेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला विशेष अगत्याने घ्यावा. ट्रेडमिल चाचणी सामान्य आली, म्हणजे अभयपत्र मिळाले असेही नव्हे. छातीत दडपण, नेहमीपेक्षा वेगळी धाप, भोवळ यांपैकी काहीही जाणवल्यास त्या क्षणी थांबावे. तापात किंवा विषाणुजन्य आजारातून उठल्याबरोबर जोराचा व्यायाम करू नये. त्या काळात हृदयस्नायूचा दाह असू शकतो. आपण डॉक्टर हे सारे इतरांना सांगतो आणि स्वतःची तपासणी 'पुढच्या महिन्यात' ढकलतो. आपल्यापैकी प्रत्येकाला असा एखादा सहकारी आठवत असेल, ज्याचा तो पुढचा महिना उगवला नाही.

पुन्हा एकदा मिरामार

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी पुन्हा त्याच वाळूत उभा होतो. मनगटाजवळ चिकटपट्टीवर तीन आकडे लिहिले होते. या वेळी तरुण मंडळी झेपावली, तेव्हा मी मनात दहा अंक मोजले आणि मग पाण्यात शिरलो. पोहणे ५१ मिनिटे, सायकल ३ तास ३८ मिनिटे. दोन्ही टप्प्यांत मागच्या खेपेपेक्षा मी एकूण ३३ मिनिटांनी मागे होतो. वाटेत कित्येक जण मला ओलांडून गेले, आणि खरे सांगतो, त्या वेळी स्वाभिमान गिळणे हा सर्वांत कठीण व्यायाम होता. मागच्या वर्षी जेथे बसलो, तो तेरावा किलोमीटर धावत ओलांडला, तेव्हा डोळे पाणावले. धाव २ तास ५८ मिनिटांत संपली. एकूण वेळ ७ तास ४७ मिनिटे. माझ्या वयोगटातही हा काही नाव घेण्यासारखा क्रमांक नव्हता. पण अंतिम रेषा मी स्वतःच्या पायांनी ओलांडली, आणि दुसऱ्या सकाळी सोडियम तपासण्याची गरज पडली नाही.

या अनुभवाने माझ्या दिनक्रमातही थोडा बदल झाला. पूर्वी सकाळच्या ओपीडीत पहिले तीस रुग्ण मी झपाट्याने तपासत असे, आणि दुपारी दोन वाजता आलेल्या शेवटच्या आईच्या वाट्याला त्रासिक, थकलेला डॉक्टर येत असे. तिचे मूल पहिल्या मुलाइतकेच आजारी असते. आता अकरा वाजता मी दहा मिनिटे उठतो, पाणी पितो आणि मग पुढचा रुग्ण आत बोलावतो. शेवटच्या आईला पहिल्या आईइतकाच डॉक्टर मिळावा, यासाठी जे करावे लागते, तेही वेगाचे नियोजनच आहे.

आपल्या भाषेत 'दम' हा शब्द मोठा अर्थवाही आहे. दम लागतो, दम सुटतो, दम खावा लागतो; पण दम धरणे आणि दम राखणे हे मात्र आपल्या हाती असते. मंडळातील ज्यांना या खेळाची ओढ वाटत असेल, त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी आणि मग एखाद्या रविवारी पहाटे साडेपाचला असीरगडच्या रस्त्यावर अवश्य भेटावे. मी सावकाशच जात असतो, सहज गाठता येईल.